मानाची खडी

एकदा एका माणसाच्या पायाचा अंगठा साऱ्या पंचक्रोशीच्या चर्चेचा विषय झाला. माणूस साधासुधा असता, तर त्याच्या अंगठ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. पण हा अंगठा होता मल्लाप्पाशेठांचा. डोंगराच्या पायथ्याला वसलेल्या त्या गावात खडीसाखरेची सर्वांत जुनी भट्टी त्यांची. वर्षाचे बारा महिने त्यांच्या अंगणात कढई चढलेली असे, आणि वाऱ्याची दिशा फिरली, की अर्ध्या गावाला पाकाचा वास येई.

त्या घराकडे एक मान होता. डोंगरावरच्या देवीला यात्रेच्या दिवशी पहिला प्रसाद चढे, तो या भट्टीतला. नारळाएवढी एक सबंध खडी, सुताच्या दोऱ्यावर धरलेली, घरच्या कर्त्या पुरुषाने अनवाणी पायांनी दोनशे चाळीस पायऱ्या चढून देवीपुढे ठेवायची. ती हंड्यात धरत असताना कर्त्याने दोन दिवस हंड्यापासून हलायचे नाही आणि पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही, असे कडक व्रत होते. तयार पाकाला पाण्याचे वावडे, म्हणून पाकाच्या राखणदारालाही पाणी वर्ज्य, असा तो हिशेब. आजोबांनी हे व्रत पाळले, वडिलांनी पाळले आणि मल्लाप्पाशेठ वीस वर्षे पाळत आले होते.

आणि नेमक्या अशाच एका यात्रेच्या पहाटे, खडी हंड्यातून बाहेर काढायच्या वेळी, शेठांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आग पेटली. आगच म्हणायची. अंगठा वांग्यासारखा सुजला, लाल-जांभळा झाला आणि त्यावर धोतराचा काठ लागला, तरी एवढा धिप्पाड माणूस लहान मुलासारखा ओरडू लागला. त्या वर्षी खडी न्यायला देवळाचा गुरव खाली आला. पुढल्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा त्याच पहाटे. गावाने मग जे बोलायचे ते बोलून घेतले. देवी कोपली आहे. ती या घरच्या हातचे घेत नाही. सलग तीन वर्षे खडी कर्त्याच्या हातून चढली नाही, तर मान दुसऱ्या घरी जातो, असा नियम होता, आणि आता एकच वर्ष उरले होते.

गावाचे बोलणे शेठांनी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडूनही दिले असते. पण त्यांच्या मनात त्याहून मोठी भीती होती. त्यांच्या वडिलांचा अंगठा असाच सुजत असे. पुढे त्यांच्या बोटांच्या पेरांवर खड्यांसारख्या गाठी आल्या, कढईतला झारा हातात धरवेना, आणि एके दिवशी त्यांचे मूत्र बंद झाले ते झालेच. तेव्हा त्यांचे वय होते छप्पन्न. मल्लाप्पाशेठांना आता पंचावन्नावे चालू होते.

उपाय काय थोडे झाले? पण या व्याधीची एक मोठी लबाडी असते. ती आठ-दहा दिवसांत आपली आपण निघून जाते. त्यामुळे त्या आठवड्यात जो भेटेल, तो धन्वंतरी ठरतो. पहिल्या वेळी एका फिरत्या बैराग्याने तांब्याचे कडे दिले, शेठ बरे झाले. दुसऱ्या वेळी मेहुण्याने राईचा लेप लावला, शेठ पुन्हा बरे झाले. मधल्या काळात अंगठा असा शहाण्यासारखा गप्प बसे, की आपल्याला काही झाले होते, हेच शेठ विसरून जात.

पण दुसऱ्या यात्रेनंतर थोड्याच दिवसांत अंगठा अवेळीच पुन्हा सुजला, तेव्हा त्यांच्या पत्नी गौराक्का यांनी त्यांना बैलगाडीत घातले आणि नदीपलीकडच्या वैद्यबुवांकडे आणले. वैद्यबुवा ऐंशीच्या पुढचे. त्यांच्याजवळ दिगंबर नावाचा शिष्य पाच वर्षे शिकत होता. खल करून करून त्याच्या तळहाताला घट्टे पडले होते, ग्रंथ तोंडपाठ झाले होते, पण स्वतःचा म्हणावा असा एकही रुग्ण त्याच्या वाट्याला आला नव्हता. बुवांनी शेठांचा पाय पाहिला, वडिलांची हकिकत ऐकली आणि दिगंबराकडे वळून म्हणाले, "हे वातरक्त, सांधे पेटवणारा रोग. हा रुग्ण तुझा."

दिगंबराला आभाळ ठेंगणे झाले. त्याने वेदना शमवणारे औषध दिले, आठवड्यात सूज उतरली, आणि शेठांनी खुशीने टोपलीभर खडीसाखर पाठवली. पण दिगंबर हुरळून गेला नाही. त्याने शेठांना नीट बजावले, की दुखणे थांबले म्हणजे रोग गेला असे नाही. आता खरे औषध सुरू होईल, ते रोज घ्यायचे, वर्षभर घ्यायचे, भरपूर पाणी प्यायचे आणि भट्टीपाशी उभ्या उभ्या ढोसता ते सरबत बंद करायचे. शेठांनी मान डोलावली. औषध त्यांनी घेतलेही. पाण्याचे आणि सरबताचे मात्र गाडी नदी ओलांडेपर्यंतच लक्षात राहिले.

पाचव्या आठवड्यात गाडीवान औषधाची बरणी परत घेऊन आला. "शेठनं निरोप दिलाय," तो मान खाली घालून म्हणाला. "आदी एक अंगठा दुकत हुता. तुमचं औषद घेतलं आन् आता दुसऱ्या पायाचा घोटा गेला, गुडगा बी गेला. असलं औषद तुमचं तुमाला लकलाभ."

दिगंबराचा चेहरा उतरला. त्याने ग्रंथ पुन्हा पाहिले, औषध पुन्हा तपासले. चूक सापडेना. संध्याकाळी तो बुवांपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला रजा द्या. पहिलाच रुग्ण माझ्या हातून बिघडला. माझ्या हाताला गुण नाही."

बुवा अंगणात तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी त्याचे सांत्वन केले नाही, औषध बदलले नाही की चूक दाखवली नाही. ते म्हणाले, "उद्या मल्लाप्पांच्या भट्टीवर जा. आठ दिवस राहा. खडीसाखर कशी धरते ते त्यांच्याकडून शीक. आणि परत येताना लिंबाएवढी एक खडी घेऊन ये."

"आणि औषध?"

"औषधाचं नावसुद्धा काढायचं नाही. तू तिथं वैद्य म्हणून जात नाहीस. विद्यार्थी म्हणून जातो आहेस."

दिगंबराला हे अजिबात उलगडले नाही. ज्या दारातून औषध परत आले, त्याच दारात साखर शिकायला जायचे? लाजेने त्याला झोप आली नाही. तरी गुरूची आज्ञा म्हणून तो गेला.

शेठ ओसरीवर खाटेवर पडले होते, पाय लोडावर. दिगंबराला पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आता काय उरलंय वो? डावा हात ऱ्हायलाय, त्यो बी सुजवनार का?"

"औषध द्यायला आलो नाही, शेठ. खडीसाखर कशी करतात ते शिकायला आलोय. बुवांनी पाठवलंय."

शेठांच्या आठ्या सैलावल्या. आपली विद्या शिकायला कोणी आले, की भल्याभल्यांचा राग विरघळतो. शेठ तर त्या विद्येवर जीव टाकणारे. त्यांनी दोन माणसांना हाक मारली, खाट उचलून थेट भट्टीपाशी न्यायला लावली आणि पडल्या पडल्या शिकवायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी दिगंबराने कढई पाहिली. साखर पाण्यात विरघळली, उकळली, मळी वर आली, ती झाऱ्याने काढून टाकली. मग पाक आटत गेला. शेठ खाटेवरून नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून सांगत होते, अजून थोडा, अजून थोडा, उतरा! त्यांची उमर या आवाजात गेली होती. दिगंबराने आणखी एक गोष्ट पाहिली. कढईपुढचा माणूस सकाळपासून पाणी पीत नव्हता. कारण विचारल्यावर शेठ म्हणाले, "पानी प्यालं की उटावं लागतं. आन् पाक सोडून उटला, तर पाक करपतो. मी बी चाळीस वर्सं तसंच केलं. लईच घसा सुकला तर वाटीभर सरबत. त्यानं ताकद ऱ्हाते."

दिगंबराने ते ऐकून घेतले आणि चुलीत लाकूड सारले. 

दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, "हंड्यात लई पाक, झपाट्यानं धरती; पर तुमाला काय दिसनार? आत अंदार. बरनीत सावकाश धरंल, पर दिसंल." त्यांनी हंड्यात ओतायच्या पाकातला थोडा एका काचेच्या बरणीत ओतला. त्यात एक सुताचा दोरा सोडला, बरणीभोवती भुसा भरला, वर गोणपाट टाकले आणि पाहण्यापुरती एक फट ठेवली. "आता बसा. हात लावायचा न्हाई, धक्का द्यायचा न्हाई. जोरात बोलायचं बी न्हाई."

खरोखरच भट्टीशेजारच्या त्या हंड्यांच्या खोलीत सगळे कुजबुजत. जोडे बाहेर काढून आत येत. दिगंबराला देवळाच्या गाभाऱ्याची आठवण झाली.

तो दिवसभर फटीतून पाहत राहिला. आत काहीच नव्हते. नितळ, स्वच्छ, तळापर्यंत आरपार दिसणारा द्रव, आणि मधोमध एक एकटा दोरा.

"शेठ, हे तर नुसतं पाणी दिसतंय."

शेठ गालात हसले. "पानी? त्यात पान्याच्या दुप्पट साकर हाय, वैद्य. पोट भरलंय त्याचं. फकस्त सांगत न्हाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर फटीशी वाकला आणि तसाच वाकून राहिला. दोऱ्याच्या खालच्या टोकाला एक कण चमकत होता. मोहरीहून लहान. काल तिथे काही नव्हते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. दुपारपर्यंत दोन झाले. संध्याकाळी त्यांना सपाट बाजू आल्या, धारदार कडा आल्या, कोन आले. कुणी घडवले नव्हते, कुणी कापले नव्हते, बरणीत कुणाचा हात गेला नव्हता. जे आरपार होते, जिथे काहीच नव्हते, त्यातून दगडासारखी कठीण वस्तू आपली आपण आकार घेत होती. दिगंबराच्या अंगावर शहारा आला. त्याला भीतीही वाटली आणि हात जोडावेसेही वाटले.

"काटा आला न्हवं?" शेठ हळूच म्हणाले. "मला चाळीस वर्सं येतोय."

"शेठ, हे सुरू कसं होतं? इतके दिवस नुसतं विरघळलेलं असतं, आणि मग एका सकाळी असं..."

"भरत भरत जातं. एक माप असतंय. त्या मापापतूर पाक सगळं पोटात ठिवतो. मापाच्या वर गेलं, की कुटंतरी बसायला जागा हुडकतो."

"आणि जागा कोणती हुडकतो?"

"दोरा असंल तर दोरा. न्हाईतर जिथं गार लागंल तिथं. हंड्याची ऊब मदी ऱ्हाती. तळ आन् काट आदी गार पडत्यात, मंग तिथं पयली धरती. मानसाच्या अंगावानीच. छाती ऊन असती, आन् पायाची बोटं आदी गार..."

शेठ बोलता बोलता थांबले. त्यांची नजर लोडावरच्या आपल्या अंगठ्यावर गेली आणि तिथेच खिळली. भट्टीतले लाकूड फुटल्याचा आवाज झाला.  दिगंबराने बुवांच्या आज्ञेप्रमाणे औषधाचे नाव काढले नाही.

अंगठ्यावरची नजर न हलवता शेठ म्हणाले, "वैद्य, माज्या बाच्या बोटावरच्या गाटी फुटल्या हुत्या. त्यातनं चुन्यावानी पांडरं आलं हुतं. आमी म्हनलं, देवीचा कोप." त्यांनी दिगंबराकडे पाहिले. "ते काय हुतं?"

"ते बुवांना विचारा," दिगंबर म्हणाला. "मी तुम्हाला घेऊन जातो."

आठव्या दिवशी बैलगाडी नदीपलीकडे आली. दिगंबराने लिंबाएवढी खडी बुवांच्या हाती दिली. बुवांनी ती उन्हात धरली, फिरवून फिरवून पाहिली आणि शेठांना म्हणाले, "किती सुंदर करता तुम्ही हे." मग त्यांनी एक काचेचे भांडे स्वच्छ पाण्याने भरले, खडीचा दोरा काडीला बांधला आणि ती खडी पाण्यात सोडली.

शेठ खाटेवरून अर्धे उठले. "अवो बुवा! आट दिसाची मेहनत हाय ती!"

"बसा. आज आपण सगळे हेच पाहणार आहोत. ढवळायचं नाही, मोडायचं नाही."

दुपार सरत गेली. आधी काही दिसेना. मग दिगंबराने पाहिले, की खडीपासून तळाकडे नितळ रेघा उतरत आहेत. पाण्यात पाण्याच्याच रेघा. धुरासारख्या, पण खाली जाणाऱ्या. खडी मूकपणे परत जात होती, जिथून आली होती तिथे. पाहता पाहता तिच्या कडा बोथट झाल्या, फटी रुंदावल्या, आणि अचानक एक टवका सुटून खाली पडला. टिक्कन आवाज झाला. शेठांनी नकळत आपला पाय मागे ओढला.

"दुखलं?" बुवांनी विचारले.

शेठांनी ओशाळून पाय पुन्हा पुढे घेतला.

"आता ऐका," बुवा म्हणाले. "प्रत्येक माणसाच्या रक्तात एक क्षार असतो. तुमच्या, माझ्या, या दिगंबराच्या. देहाची रोजची झीज होते त्यातून तो निर्माण होतो, अन्नातून येतो, आणि मूत्रावाटे जातो. माप राखलेलं असतं तोवर तो रक्तात विरघळून असतो, दिसत नाही, बोलत नाही. माप ओलांडलं, की गार आणि निवांत जागा शोधून सुया धरतो. पायाचा अंगठा ही देहाची सर्वांत गार जागा. त्या सुयांना देहाचे रखवालदार परके समजतात आणि त्यांच्यावर तुटून पडतात. ती लाली, ती आग रखवालदारांच्या लढाईची आहे. लढाई आठ दिवसांत थांबते. सुया तिथंच राहतात. आणि तोच क्षार मूत्रपिंडात साचू लागला, तर तुमच्या वडिलांचं झालं ते होतं."

आजच्या प्रयोगशाळा त्या क्षाराच्या मूळ द्रव्याला युरिक ॲसिड म्हणतात आणि त्याचे माप कागदावर छापून हातात देतात. बुवांच्या काळी असा कागद नव्हता; बुवांनी काचेच्या भांड्याकडे बोट केले.

"शेठ, हंड्यात खडी धरावी म्हणून तुम्ही काय काय करता? पाणी तोडता. गोड भरता. भट्टीपाशी आटवता. मग गार जागी निश्चल ठेवता. आता मला सांगा, चाळीस वर्षं तुम्ही स्वतःच्या देहाला दुसरं काय केलंत? आणि यात्रेच्या आधीचे दोन दिवस तर तुम्ही या सगळ्याची शर्थ करता. दोन दिवस भट्टीची ऊब, पाण्याचा थेंब नाही, आणि पहाटेचा गारवा. खडी धरणारच. देवीला त्यासाठी कोपावं लागत नाही."

शेठांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. वडिलांच्या दुखण्यापासून ज्याला देवीचा राग समजून ते आतल्या आत झुरत होते, तो राग नव्हताच.

"मग औषदानं गुडगा का गेला?" त्यांनी लहान आवाजात विचारले.

बुवांनी खाली पडलेला टवका दाखवला. "कारण औषध लागू पडत होतं. माप उतरलं, सुया सुटू लागल्या, टवके पडले, रखवालदार पुन्हा जागे झाले. बरं होताना असं होतं. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं आणि सुरुवातीचे महिने वेदनेचं थोडं औषधही सोबत चालू ठेवायला हवं होतं. ते दिगंबर विसरला. आणि त्याला सांगायचं मी विसरलो. ती चूक दोघांचीही आहे."

दिगंबराने झटकन वर पाहिले. गुरूंनी पाच वर्षांत कधी स्वतःची चूक बोलून दाखवली नव्हती. 

"औषध घेईन बुवा," शेठ म्हणाले. "सरबत सोडीन. कढईपुडं दुसरा मानूस लावीन, म्हंजे पानी पिता यील. पर यात्रेचं व्रत? ते कसं मोडू? आज्यापासनं चालत आलंय."

बुवांनी भांडे शेठांपुढे सरकवले. मग म्हणाले, "हंड्यात खडी धरावी म्हणून हंड्याला पाणी वर्ज्य. तुम्हाला अंगात खडी धरायची आहे का, एवढंच मी विचारतो. पुढचं तुम्ही आणि देवी बघा."

भांड्यातला दोरा तोवर रिकामा झाला होता. पाणी पुन्हा जसेच्या तसे नितळ दिसत होते.

त्या वर्षभरात शेठांना दोनदा दुखले. दोन्ही वेळा गाडीवान निरोप घेऊन आला, "शेठ म्हनले, एक टवका पडला," आणि दोन्ही वेळा दिगंबर खळखळून हसला. भट्टीपाशी पाण्याचा माठ आला. सकाळपासून चार-पाच वेळा उठणाऱ्या शेठांची गावाने मनसोक्त थट्टा केली, आणि शेठांनी ती मनसोक्त करू दिली.

आणि यात्रा आली. मानाच्या खडीचा पाक हंड्यात पडला, शेठ हंड्यापाशी बसले. हे तिसरे वर्ष. दिगंबर दाराशी येऊन बसला होता. गौराक्कांनी पाण्याने भरलेला तांब्या शेठांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि काहीही न बोलता त्या निघून गेल्या. पहिला दिवस मावळला. शेठांनी तांब्याकडे पाहिलेसुद्धा नाही. कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ सुकले होते.  दिगंबराची वर्षभराची सारी मेहनत त्या तांब्यात होती, पण पुढचे शेठ आणि देवी बघतील, असे बुवांनी सांगून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठांनी विचारले, "वैद्य, देवी रागवंल का?"

"मला ठाऊक नाही, शेठ," दिगंबर म्हणाला. ते खरेच होते.

"आन् खडीच धरली न्हाई तर?"

"तेही मला ठाऊक नाही."

शेठांनी डोळे मिटले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या उचलला, हंड्याला कपाळ टेकवले आणि काहीतरी पुटपुटून ते पाणी प्यायले. घटाघटा, सगळे.  त्यानंतर संध्याकाळपर्यंत गौराक्कांनी तो तांब्या सहा वेळा भरला.

यात्रेच्या पहाटे शेठ जागे झाले आणि हंड्यापाशीच पांघरुणात निश्चल पडून राहिले. पाय हलवायची छाती होईना. मग त्यांनी अंगठा वाकवला. पुन्हा वाकवला. ते उठले, दोन्ही पायांवर उभे राहिले आणि हंड्याचे झाकण उघडले. दोऱ्यावर नारळाएवढी खडी लखलखत होती. तिच्या एकाही बाजूला डाग नव्हता.

दोनशे चाळीस पायऱ्या शेठ अनवाणी चढले. सावकाश चढले, वाटेत दोनदा बसले, आणि दोन्ही वेळा लोकांदेखत पाणी प्यायले. लोक कुजबुजले. दिगंबर त्यांच्या मागोमाग चढत होता. त्याची नजर सारखी त्या टाचांवर होती. वर पोहोचल्यावर शेठांनी खडी देवीपुढे ठेवली आणि पायरीवर डोके टेकले. ते बराच वेळ उठले नाहीत.

उठले तेव्हा गुरवाने नेहमीप्रमाणे त्यांना उजवा हात पुढे करायला लावला आणि तळहातावर पळीभर तीर्थ ओतले. मधली दोन वर्षे सोडली, तर वीस वर्षे शेठ हे तीर्थ घेत आले होते. दोन दिवसांच्या कोरड्या घशाने ते नुसते ओरपून टाकत, कधी पाहत नसत. आज घसा ओला होता, म्हणून त्यांनी पाहिले. तळहातावर थोडेसे नितळ पाणी होते, आणि त्याच्या आतून हाताच्या रेषा दिसत होत्या.

ते दिगंबराकडे वळले. त्यांचा चेहरा पाहून दिगंबराला त्या काचेच्या बरणीपाशी आला होता तसाच शहारा आला.

"वैद्य," ते म्हणाले, "वर आलेल्याला देवी पयलं पानीच देती."

त्यांनी ते तीर्थ प्राशन केले, ओला हात डोळ्यांना लावला आणि पुन्हा पुढे केला. गुरवाने पळी भरली.